दुसरा टर्बोही गेला आणि वॉरंटी नाकारली: घाण नेमकी कुठून आली ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. रायबागकडचा दहा टायरचा बीएस-सहा ट्रक. हंगामात ऊस, एरवी खडी. गाडी कोल्हापुरात घेतलेली, पासिंग चिक्कोडीचं, केए-२३. वॉरंटीत असताना टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेला, कंपनीच्या वर्कशॉपने फुकट बदलून दिला. नवा टर्बो तीन हजार किलोमीटरही टिकला नाही. आता इंजिन ऑइल पितंय, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला वायू रिंगांपासून निसटून खाली येतोय. वर्कशॉप म्हणतं, एअर फिल्टर सांभाळला नाही, धूळ आत गेली, क्लेम बसत नाही. खर्च चार लाख. इंजिन खोलायला सही द्यावी का, आणि भांडून काही हाती लागेल का?

सही द्यावी लागेल, कारण खोलल्याशिवाय धूळ की आणखी काही हे कुणालाच सांगता येणार नाही. फक्त सही कशावर करताय ते बघा. जॉब कार्डावर "मालकाच्या समक्ष तपासणीसाठी खोलणे, दुरुस्तीला मंजुरी नाही" एवढं लिहून घ्या आणि त्याखाली सही करा. एस्टिमेटवर मुकाट सही झाली की "मालकाने खर्च मान्य केला होता" असा कागद त्यांच्या फाइलला लागतो. आपल्या भागात सर्व्हिस ॲडव्हायझर कानडीत किंवा मराठीत विचारतो आणि टाइप करतो इंग्रजीत. तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टींतल्या दोनच कागदावर उतरतात. तक्रारीच्या रकान्यात तुमचं म्हणणं मराठीत, स्वतःच्या हाताने लिहायला कुणाची आडकाठी नाही. लिहा, आणि कार्डाचा फोटो काढा.

आणखी एक, आणि हे जिवाशी संबंधित आहे. खोलण्याआधी "धूर दाखवतो" म्हणून गाडी चालू करू देऊ नका. टर्बो ऑइल सोडत असेल आणि इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत, ऑइल साठलं असेल, तर इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून खेचतं आणि आपोआप रेस होत जातं. चावी बंद करून ते थांबत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. रस्त्यात असं झालं तर टॉप गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबायचा आणि क्लच सोडून इंजिन मारायचं. गाडी उभी असेल तर हवेचं तोंड फळीने किंवा जाड पत्र्याने बंद करायचं, हाताने किंवा फडक्याने कधीच नाही. जमत नसेल तर सरळ लांब व्हायचं.

आता मूळ मुद्दा. टर्बो स्वतःहून क्वचितच मरतो. मोठ्या डिझेल इंजिनात त्याची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या मारते आणि ती बेअरिंगवर नव्हे, बेअरिंगमधल्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगते. त्या थरात घाण आली किंवा थरच तुटला की खेळ संपतो. घाण येण्याच्या वाटा तीनच: हवेतून, ऑइलमधून, किंवा सायलेन्सरच्या बाजूने म्हणजे इंजिनातूनच. प्रत्येक वाट आपली खूण वेगळ्या जागी सोडते. "धूळ गेली" हे वाक्य ऐकून घ्यायचं नाही. कुठल्या वाटेने गेली आणि त्या वाटेवरचा जॉइंट शेवटचा कुणी हाताळला, हे विचारायचं. वॉरंटीचा सगळा वाद या एका प्रश्नावर उभा असतो.

हवेच्या बाजूने सुरुवात करा, कारण आरोप तिथलाच आहे. ५.७ लिटरचं इंजिन २,००० फेऱ्यांवर मिनिटाला ५,७०० लिटर हवा ओढतंच. टर्बोच्या दाबाने ती दीडपट-दुपटीवर जाते. ऊसगाड्यांच्या मागे शेतरस्त्याने जाताना किंवा क्रशरवर खडी भरताना ही हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. काळ्या मातीची धूळ वाईट, खानापूरकडची तांबडी वाईट, पण सगळ्यात वाईट क्रशरची भुकटी. त्यातले कण लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) बिडापेक्षा कठीण असतात, आणि ऑइलच्या थराएवढ्या जाडीचे बारीक कणच जास्त खातात.

फिल्टरपासून टर्बोच्या तोंडापर्यंतचा पाइप ओढीखाली असतो. तिथे क्लिप ढिली असेल, होजला चीर असेल, तर न गाळलेली हवा आत खेचली जाते. टर्बोपासून पुढे, म्हणजे इंटरकूलर आणि मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपपर्यंत), दाब असतो. तिथे गळती असेल तर हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. ताकद कमी होते, काळा धूर येतो, एवढंच. क्लेम नाकारताना टर्बोच्या पुढच्या फाटक्या होजचा फोटो जोडून "इथून धूळ गेली" असं लिहिलं असेल, तर त्यांचं कारण तांत्रिकदृष्ट्या चूक आहे हे तिथल्या तिथे म्हणा.

खोलताना पहिली क्लिप ढिली करायच्या आधी सगळ्या क्लिपांचे जागेवरच फोटो काढा. मग फिल्टरच्या घरातून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या आत पांढरं स्वच्छ फडकं फिरवा. फिल्टर ओलांडल्यावर पुढे धूळ असायलाच नको. फडकं मातकट झालं तर धूळ खरंच गेली आहे; मग कुठून, ते शोधा. पाइपमध्ये एका बाजूने धुळीचा माग असतो, तो उलट चालत गेलात की भगदाडापाशी पोचता. जागा ठरलेल्याच: बाहेरच्या फिल्टरच्या रबराची बसण्याची कड, होजच्या वळणाखालची चीर, ब्रेकच्या हवेच्या कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या फांदीचा जॉइंट, आणि हाउसिंगच्या बुडाला असलेला धूळ टाकणारा रबरी व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह तुटून पडलेला, नाहीतर "हवा गळते" म्हणून तारेने बांधलेला, असे ट्रक या भागात ढिगाने दिसतात.

हे वाचताना स्वतःशी प्रामाणिक राहा. फिल्टर टायरवर आपटून झाडला असेल तर त्याची पत्र्याची कड वाकते आणि सील बसत नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने पूर्ण दाबाने हवा मारली असेल तर कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. साफ करायचाच झाला तर २ बारच्या आत, आणि आतून बाहेर. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर साफ करायचाच नसतो, बदलायचा असतो. तो झाडून परत बसवला असेल, किंवा काढूनच टाकला असेल, तर या क्लेममध्ये फारसा दम नाही हे आधीच ओळखा आणि वकिलावर पैसे घालू नका. उलट, फिल्टर कंपनीचाच, बिलासकट, आणि शेवटची सर्व्हिस त्यांच्याच वर्कशॉपात झालेली असेल, तर ढिली क्लिप ही तुमची नव्हे, त्यांची चूक ठरते. धूळ सापडली म्हणजे मालक दोषी, असं गणित नाही.

टर्बो हातात आला की त्याचं हवेच्या बाजूचं, म्हणजे कॉम्प्रेसरचं, ॲल्युमिनिअमचं चाक बघा. बारीक धूळ बराच काळ गेली असेल तर पात्यांच्या पुढच्या कडा सगळ्या सारख्याच झिजतात, पातळ आणि धारदार होतात, घासून चकाकतात. कडांना खाचा, फाटलेली पाती, एखादं पातं मागे वळलेलं, असं असेल तर तिथे धूळ नव्हे, काहीतरी कठीण वस्तू गेली आहे: नट, वॉशर, क्लिपचा तुकडा. सर्व्हिसच्या वेळी होजच्या तोंडात कोंबलेलं आणि विसरलेलं फडकंही अशीच पाती वाकवतं. तीन हजार किलोमीटरमध्ये धुळीने चाक मारलं असेल तर झीज डोळ्याला दिसेल इतकी हवी. चाक गुळगुळीत, कडा शाबूत, आणि तरी बेअरिंग गेलेलं, तर घाण हवेतून टर्बोला लागलेली नाही.

मग बेअरिंग आणि शाफ्ट. शाफ्टवर गोलाकार चरे, बेअरिंगच्या पितळात रुतलेले कण: ऑइल घाण होतं. शाफ्ट निळी पडलेली, पितळ शाफ्टला माखलेलं: ऑइल पोचलंच नाही. मधल्या घरात काळा कोळसा जमलेला: तापलेलं इंजिन झटक्यात बंद करण्याची सवय, चोर्ला घाट चढून वर आल्या आल्या चावी फिरवण्यासारखी. दोन-तीन मिनिटं आयडल द्यावं लागतं. पण हा कोळसा महिन्यांनी साठतो, तीन हजार किलोमीटरमध्ये साठत नाही. नव्या टर्बोत तो दिसला तर ऑइल पाइपमधला जुना कोळसा सुटून आला असण्याची शक्यता जास्त, आणि तो पाइप पहिल्या दुरुस्तीत बदलायला हवा होता.

शाफ्ट हाताने हलवून "बघा, ढिली आहे" असं दाखवण्यात अर्थ नाही. ऑइल नसताना आडवी थोडी हालचाल चांगल्या टर्बोतही असते. बघायचं ते चाक घराला घासलंय का, आणि डायल गेज लावून पुढे-मागे हालचाल किती. बऱ्याच टर्बोंना ती ०.१ मिलिमीटरच्या आत असावी लागते. नेमका आकडा मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या आणि तोच रिपोर्टवर लिहायला लावा.

टर्बाइनच्या, म्हणजे सायलेन्सरच्या, बाजूचं चाक ठेचलेलं असेल तर इंजिनातून काहीतरी तुटून आलं आहे: व्हॉल्व्हचा तुकडा, रिंग, इंजेक्टरचं टोक. तेव्हा टर्बो हा परिणाम, कारण सिलिंडरमध्ये. डिझेलमध्ये पाणी असेल तर इंजेक्टर अडकतो, एकाच सिलिंडरमध्ये डिझेल सांडत राहतं, पिस्टनचं डोकं जळतं. बीएस-सहा डिझेलमध्ये पाण्याची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे; डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये त्याहून किती तरी जास्त सापडतं, आणि तो ड्रेन करण्याची आठवण हंगामात कुणाला राहत नाही. सीमेच्या अल्याड-पल्याड जिथे दर कमी तिथे टाकी भरायची आपली सवय असतेच. भरा, पण बिल ठेवा. शंका आली तर पंपावर घनता मोजून मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. नोंदवलेल्या घनतेपेक्षा फरक घनमीटरला ३ किलोच्या आत हवा.

आता लायनर. इथे वर्कशॉपचं कारण टिकतं की कोसळतं ते ठरतं. हवेतून आलेली धूळ मॅनिफोल्डमधून सगळ्या सिलिंडरमध्ये वाटली जाते. झीज थोडी कमी-जास्त असेल, पण सगळीकडे दिसते, आणि सगळ्यात जास्त वरच्या रिंगच्या थांब्यापाशी असते. वरची रिंग पातळ होते, तिचा गॅप वाढतो. एकाच लायनरला उभे चरे आणि बाकीचे चांगले, असं असेल तर ती धूळ नव्हे. तो इंजेक्टर, पिस्टन थंड करणारा ऑइल जेट, किंवा तुटलेला तुकडा. खालची ऑइल रिंग आणि क्रँकचे बेअरिंग जास्त झिजलेत, तर घाण ऑइलमधून आलेली. म्हणून बोअर गेजने सहाही सिलिंडर तीन उंचीवर, आडवे-उभे दोन दिशांनी मोजायला लावा. छत्तीस आकडे होतात. कंटाळा करतात, तुम्ही उभे राहा. "लायनर वॉर्न आउट" असा एका ओळीचा शेरा पुढे कुणालाच काही सांगत नाही.

तुमच्या प्रकरणात माझी शंका मात्र इंटरकूलरवर आहे. पहिला टर्बो गेला तेव्हा त्याच्या चाकाचे ॲल्युमिनिअमचे कण आणि ऑइल पुढे इंटरकूलरमध्ये जाऊन बसतात. तो काढून उलट्या बाजूने धुतला नाही, किंवा चाक फुटलेलं असताना बदलला नाही, तर नवा टर्बो लागल्यावर दाबाने तोच कचरा थेट सिलिंडरमध्ये जातो आणि लायनर खातो. इंटरकूलरची खालची होज सोडून आतलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओता. थोडा ऑइलचा ओलावा असतोच, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाफेमुळे. त्याला घाबरू नका. चमकणाऱ्या पातळ कपच्या दिसल्या, लोहचुंबकाला चिकटल्या नाहीत, तर ते ॲल्युमिनिअम. बोटात चुरल्यावर रेतीसारखं लागलं तर धूळ. पहिल्या बदलाचं जॉब कार्ड काढून बघा: इंटरकूलर धुतल्याची नोंद आहे का, टर्बोला ऑइल देणारा फीड पाइप आणि त्याचा बँजो बोल्ट (आतून पोकळ बोल्ट) बदलला का, ऑइल आणि फिल्टर नवे घातले का, ऑइलचं चेंबर उतरवून स्ट्रेनर (ऑइलची जाळी) बघितला का, टर्बो बसवताना ऑइलच्या भोकात आधी ऑइल ओतलं का, ऑइल लाइनच्या जॉइंटला सिलिकॉन लावलं का. तिथे गॅस्केटच लावायचं असतं. सिलिकॉनचा तुटलेला दोरा फीडचं भोक बंद करतो आणि टर्बो कोरडा फिरतो.

त्याहून महत्त्वाचं: पहिला टर्बो का गेला, याचं कारण त्या कार्डावर काय लिहिलंय? तेव्हा दोष मान्य करून फुकट बदलला आणि धुळीचा उल्लेखही केला नाही, तर आता तीन हजार किलोमीटरमध्ये धूळ कुठून उगवली, हे त्यांना सांगावं लागेल. आणि धूळ तेव्हाही होती म्हणाले, तर कारण न शोधता नवा टर्बो बसवणं ही त्यांची दुरुस्तीतली चूक झाली. दोन्ही बाजूंनी प्रश्न त्यांनाच येतो. तुमच्या हातातला सगळ्यात जड कागद हाच.

त्यांच्या हातातला जड कागद म्हणजे ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, डेटा. ऊसगाडीच्या बाबतीत त्यात आयडलचे तास निघतात. उगार किंवा संकेश्वरच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्रभर इंजिन चालू ठेवलं की किलोमीटर वाढत नाहीत, तास वाढतात. मॅन्युअलमध्ये ऑइल बदल "किलोमीटर किंवा तास, जे आधी" असा असतो आणि मालक फक्त किलोमीटर मोजतो. तो मुद्दा निघेल, तयारीत राहा. डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी गाळणारा फिल्टर) किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून घेतलेला असेल, मॅपिंग बदललेलं असेल, तर वॉरंटीची गोष्टच सोडा. बाहेरच्या स्कॅनरवाल्याकडून कोड पुसून घेऊ नका. आधी सगळ्या कोडची, फ्रीझ फ्रेमसकट (कोड आला त्या क्षणीच्या इंजिनच्या नोंदींसकट), प्रिंट मागा.

नमुने असे घ्या. ऑइल कोमट असताना, ड्रेनची धार निम्मी वाहून गेल्यावर, कोरड्या स्वच्छ बाटलीत दीडशे-दोनशे मिली. दोन बाटल्या, दोन्ही सीलबंद, त्यावर तारीख, किलोमीटर आणि दोघांच्या सह्या, एक तुमची. जुना ऑइल फिल्टर आणि दोन्ही एअर फिल्टर पिशवीत बांधून ठेवा, झाडू नका. चाचणी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्येच. धुळीत असतं ते सिलिकॉन साधारण २५ पीपीएमच्या (दहा लाखांत २५ भागांच्या) वर आणि सोबत लोखंड, ॲल्युमिनिअम, क्रोमिअमही वाढलेलं, तर धुळीचा संशय बळावतो. नुसतं सिलिकॉन वाढलेलं आणि बाकी आकडे शांत, तर ते नव्या गॅस्केट-सीलंटमधूनही येतं, आणि तुमच्या इंजिनावर टर्बो बदलण्याचं काम नुकतंच झालेलं होतं. सोडिअम-पोटॅशिअम आलं तर कूलंट मिसळलंय.

सुटे भाग वर्कशॉपात सोडून येऊ नका. क्लेम मंजूर झाला तर जुने भाग कंपनीचे. नाकारला तर तुमचे. नकार तोंडी घेऊ नका. कारणासकट, कंपनीच्या लेटरहेडवर किंवा मेलवर मागा. गाडी हंगामात उभी ठेवणं परवडत नसेल तर पैसे भरून दुरुस्त करून घ्या, पण बिलावर "हक्क राखून, निषेधासह" असं लिहा आणि त्याआधी स्वतंत्र सर्व्हेअरची पाहणी करून फोटोसह रिपोर्ट घ्या. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड बसत नाही, तिकडे वेळ घालवू नका.

पुढची पायरी: आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. मग कंपनी, विकणारा डीलर आणि दुरुस्ती करणारं वर्कशॉप, तिघांनाही नोटीस; इंग्रजीत द्या, कारण उत्तर देणारा कायदा विभाग इथला नसतो. गाडी कोल्हापुरात घेतली म्हणून कोल्हापूरच्या फेऱ्या मारायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला बेळगाव. चंदगडचा माणूस तशीच कोल्हापुरात करेल. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख, आणि ती दुरुस्तीच्या खर्चावर नव्हे तर गाडीला मोजलेल्या किमतीवर धरतात. २० ते ५० लाखांच्या किमतीला फी १,००० रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मराठी कागदांना भाषांतर जोडा. दोष तपासणीशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू लॅबकडे पाठवतो आणि लॅबला ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तपासणीची फी आधी तक्रारदार भरतो. म्हणूनच ते सीलबंद भाग आणि बाटल्या.

कंपनीचा वकील पहिला आक्षेप घेईल तो "गाडी व्यापारासाठी" हा. कायद्यात त्याला अपवाद आहे: स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तो ग्राहकच. एक ट्रक, मालक स्वतः चालवतो, कर्ज त्याच्याच नावावर, दुसरं उत्पन्न नाही, हे तक्रारीच्या पहिल्याच पानावर लिहा. लायसन्स, कर्जाचे कागद, वाहतुकीच्या पावत्या जोडा. चार-पाच गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर हा आक्षेप टिकण्याची शक्यता मोठी. तेव्हा दिवाणी कोर्टाचा विचार वकिलाशी आधीच करा.

दुरुस्ती कुणाच्याही पैशाने होवो, या वेळी जॉब कार्डावर एवढं यायलाच हवं: इंटरकूलर धुतला किंवा बदलला, फीड आणि ड्रेन पाइप नवे, चेंबर आणि स्ट्रेनर साफ, ब्रीदर मोकळा, दोन्ही एअर फिल्टर आणि सगळ्या क्लिपा नव्या, डीपीएफमध्ये गेलेलं ऑइल तपासलं. टर्बोत ऑइल भरून, इंजिन पेटू न देता ऑइल प्रेशर येईपर्यंत क्रँक, मग रेस न करता पाच मिनिटं आयडल. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, आणि तो फिल्टर कापून बघा.